विमान बांधणाऱ्याची तासवही

फेब्रुवारी 2016 मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात ‘मेक इन इंडिया’ सप्ताह भरला, तेव्हा तिथे एक सहा आसनी विमान मांडलेलं होतं. ते कुठल्या कारखान्यातून आलेलं नव्हतं. कांदिवलीतल्या चारकोपमध्ये, एका राहत्या इमारतीच्या गच्चीवर ते बांधलं गेलं होतं. बांधणारे होते कॅप्टन अमोल यादव, तेव्हाचे जेट एअरवेजचे वैमानिक. इमारतीला लिफ्ट नव्हती. लेथ, काँप्रेसर, वेल्डिंगची यंत्रं आणि सुमारे 180 किलो वजनाचं इंजिन अरुंद जिन्यानं वर गेलं होतं. तयार झालेलं विमान मात्र जिन्यात मावणार नव्हतं, म्हणून ते सुटं करून क्रेननं खाली उतरवावं लागलं.

असं विमान पाहिलं की माणसं हमखास दोन गोष्टी विचारतात: खर्च किती आला आणि वेळ किती लागला? खर्चाचं उत्तर पावत्यांच्या फाइलीत सापडतं. वेळेचं तसं नाही.

यादवांच्या या विमानाचं नाव टीएसी-003. गच्चीवरच्या बांधणीला सुमारे सहा वर्षं लागली. पण स्वतः विमान बांधायचं त्यांनी नव्वदच्या दशकाअखेरीसच मनावर घेतलं होतं आणि त्याआधीचे दोन प्रयत्न तडीला गेले नव्हते. प्रदर्शनानंतर नोव्हेंबर 2017 मध्ये विमानाला व्हीटी-एनएमडी हा नोंदणी क्रमांक मिळाला, ऑक्टोबर 2019 मध्ये उड्डाणाचा परवाना मिळाला आणि ऑगस्ट 2020 मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून त्यानं चाचणी उड्डाण केलं. मग वेळ किती लागला म्हणायचं? सहा वर्षं म्हटलं तरी खरं, वीस वर्षांवर म्हटलं तरी खरं. या दोन उत्तरांमधला फरक ज्याला आधीच कळतो, तो विमान बांधायला घेताना फसत नाही. आणि तो कळण्यासाठी एक वही लागते.

तास वेगळे, वर्षं वेगळी

घरी विमान बांधण्याच्या छंदाची मोठी पंढरी अमेरिकेत आहे. पॉल पोबेरेझ्नी यांनी 1953 मध्ये मिलवॉकीत ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ स्थापन केली. दर उन्हाळ्यात विस्कॉन्सिन राज्यातल्या ऑशकॉशला तिचा मेळा भरतो. अमेरिकेत आज घरी बांधलेली तीस हजारांहून अधिक विमानं आहेत, आणि त्या मंडळींत बांधणीची मोजदाद वर्षांत होत नाही, तासांत होते. माणूस हातात हत्यार किंवा नकाशा घेऊन विमानावर राबला तो तास.

तासांचा हिशेब विमानाच्या जातीवर ठरतो. व्हॅन्स एअरक्राफ्ट या ओरेगनच्या कंपनीचं आरव्ही-12 हे दोन आसनी विमान संचातून बांधायला साधारण 700 ते 900 तास लागतात. त्याचे बहुतेक सांधे पॉप रिव्हेटचे, म्हणजे एका बाजूनं एकट्यानं ओढून बसवायचे. त्याच कंपनीचं चार आसनी आरव्ही-10 दोन हजार तासांच्या घरात जातं, कारण तिथे भरीव रिव्हेट ठोकून बसवावे लागतात. टीएसी-003 तर संचातलं विमानच नव्हतं. आराखडा स्वतःचा, भाग स्वतः घडवलेले. अशा कामात हत्यार उचलण्याआधी कागदावर आणि संगणकावर गेलेले तासही बांधणीचेच तास असतात. ते वहीत उतरले नाहीत, तर विमानाचा सर्वांत मोठा भाग हिशेबाबाहेर राहतो.

अशोक थामरक्षन यांचं उदाहरण इथे उपयोगी पडतं. मूळचे केरळातल्या आलप्पुळचे हे अभियंते इंग्लंडमधल्या एसेक्समध्ये राहतात. कोविडच्या टाळेबंदीत त्यांनी जोहान्सबर्गच्या स्लिंग कंपनीचा चार आसनी विमानाचा संच मागवला आणि घरामागच्या बागेतल्या शेडमध्ये तो जोडला. सुमारे 18 महिने आणि 1,500 तास लागले. धाकट्या मुलीच्या नावावरून विमानाचं नाव पडलं जी-दिया. 18 महिन्यांचे आठवडे 78. म्हणजे दर आठवड्याला 19 तासांहून जास्त काम, तेही नोकरी सांभाळून आणि खंड न पाडता. टाळेबंदीनं त्यांना ही मुभा दिली. एरवीच्या आयुष्यात हा वेग कितपत झेपेल, हे ज्यानं त्यानं आपल्या घड्याळाला विचारावं.

अंबरपेठेतल्या गच्चीचं गणित

हैदराबादच्या अंबरपेठेत राहणारा एखादा मराठी नोकरदार हे काम अंगावर घेतो आहे, असं समजू. संध्याकाळी गोलनाक्याची गर्दी पार करून तो घरी पोचतो, जेवणखाण उरकतं आणि नऊच्या सुमारास तो गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये जातो. आठवड्यातून तीन रात्री दोन-दोन तास आणि रविवारी सहा तास, असे बारा तास हाती लागतात. 1,500 भागिले 12 केले की 125 आठवडे येतात, म्हणजे दोन वर्षं पाच महिने. ऐकायला बरं वाटतं.

पण वर्षाचे 52 आठवडे कुणाच्याच हाती नसतात. गणपती, दसरा, दिवाळी, घरची लग्नं, गावाकडची ये-जा, आजारपणं आणि कार्यालयातली मार्चअखेर वजा केली की कामाचे 40 आठवडे राहिले तरी खूप. मग वर्षाला 480 तास. 1,500 तासांच्या विमानाला तीन वर्षं उलटून जातात, दोन हजार तासांच्या विमानाला चार. यात दुरुस्ती, चुका आणि परदेशातून येणाऱ्या सुट्या भागांची वाट पाहणं धरलेलंच नाही.

तास मोजताना ते कुठल्या वेळेचे आहेत हेही पाहावं लागतं. अंबरपेठेतली घरं एकमेकांना खेटून आहेत. रात्री नऊनंतर तिथे रिव्हेट गनचा धडधडाट चालणार नाही. म्हणून आवाजाची कामं रविवारी दिवसा आणि मोजमाप, खुणा, कडा घासणं, नकाशा वाचणं ही कामं रात्री, अशी वाटणी करावी लागते. हवामानही आपला वाटा मागतं. इपॉक्सी घट्ट व्हायला लागणारा वेळ ढोबळमानानं दर दहा अंशांच्या वाढीला निम्मा होतो. पंचवीस अंशांना जे मिश्रण अर्धा तास हाताळता येतं, ते हैदराबादच्या मे महिन्यात पत्र्याखाली दहा-बारा मिनिटांत घट्ट होऊ लागतं. त्यामुळे इंधनाच्या टाकीचं सीलंट आणि इपॉक्सीचं काम उन्हाळ्यात पहाटे करायचं किंवा थंडीपर्यंत राखून ठेवायचं. वहीत तासांशेजारी तापमानाचा रकाना असला, तर हे दुसऱ्या वर्षी नव्यानं शिकावं लागत नाही.

रिव्हेटला दोन सेकंद, भोकाला तासन् तास

वही खरी बोलू लागते ती कामांची फोड केल्यावर. अॅल्युमिनियमचं विमान म्हणजे रिव्हेट, अशी सर्वांची समजूत असते. बारकाईनं पाहिलं तर रिव्हेट ठोकणं हा त्या कामातला सर्वांत छोटा टप्पा.

पंखाचा पत्रा रिबवर, म्हणजे आतल्या फासळीवर, बसवायचा असेल तर आधी पत्रा जागेवर धरून भोकं जुळवायची. त्यांत क्लेको नावाच्या स्प्रिंगच्या पिना घालून पत्रा तात्पुरता पकडायचा. भोकं अंतिम मापाला ड्रिल करायची. मग सगळ्या पिना काढून पत्रा पुन्हा सुटा करायचा, कारण ड्रिलनं प्रत्येक भोकाच्या काठाला धारदार किनार उठलेली असते. ती साफ केली नाही तर तिथून तडा सुरू होऊ शकतो. त्यानंतर रिव्हेटचं डोकं पत्र्यात बुडावं म्हणून भोकाभोवती खळगा पाडायचा, पत्रा धुवायचा, गंज धरू नये म्हणून प्रायमर मारायचा, तो वाळू द्यायचा, पत्रा परत जागेवर लावायचा आणि मग रिव्हेट ठोकायचा. त्याला दोन-तीन सेकंद पुरतात. ठोकल्यावर मागची बाजू मापायची: रिव्हेटच्या व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मी उंच. 3.2 मिलिमीटरच्या रिव्हेटला 4.8 रुंदी आणि 1.6 उंची. माप चुकलं तर तो ड्रिल करून काढायचा आणि नवा बसवायचा.

आता नुसत्या किनार साफ करण्याचा हिशेब मांडू. दोन आसनी विमानात दहा हजार रिव्हेट धरले, प्रत्येक भोक किमान दोन पत्र्यांतून जातं आणि प्रत्येक पत्र्याला दोन बाजू असतात. म्हणजे चाळीस हजार काठ. एका काठाला तीन सेकंद म्हटले तरी 33 तास होतात. अंबरपेठेतल्या आपल्या माणसाचे जवळजवळ तीन आठवडे फक्त यात जातात आणि एवढं करून विमानात डोळ्यांना दिसेल असा काडीचाही बदल झालेला नसतो. घरचे रोज विचारतात, आज काय झालं? वही सोबत नसेल तर याच टप्प्यावर माणूस खचतो. वही असेल तर दिसतं की काम नकाशाप्रमाणेच चाललं आहे.

भरीव रिव्हेटला दोन माणसं लागतात. एक गन धरतो, दुसरा मागून लोखंडी ठोकळा टेकवून उभा राहतो. मग शनिवारी बायकोनं किंवा भावानं तीन तास ठोकळा धरला, तर वहीत तीन तास लिहायचे की सहा? बांधणाऱ्यांत दोन्ही रीती आहेत, पण मधेच रीत बदलली की वही निरुपयोगी होते. चोख पद्धत अशी की नाव आणि तास दोन्ही लिहावेत. ‘मी 3, दादा 3’ एवढं पुरतं. पुढच्या पंखाला कुणाचा किती हातभार लागेल, हे त्यावरून कळतं.

दुसरा पंख लवकर का होतो

1936 मध्ये थिओडोर राइट या अमेरिकी अभियंत्यानं विमानांच्या उत्पादनखर्चावर एक लेख लिहिला. विमान जगतात त्याचं नाव आजही घेतलं जातं. कर्टिस कंपनीतल्या आकडेवारीवरून त्यानं दाखवलं की बांधलेल्या विमानांची संख्या दुप्पट झाली की दर विमानामागची सरासरी मजुरी आधीच्या 80 टक्क्यांवर येते. पहिल्याला 100 तास लागले, तर दोन विमानांची सरासरी 80, चारांची 64 आणि आठांची साधारण 51. कारण सोपं आहे. हाताला वळण लागतं, चुका पुन्हा होत नाहीत आणि हत्यार कुठे ठेवायचं हे ठरून जातं.

हा नियम घरी बांधणाऱ्याला एका बाजूनं मारक आहे आणि दुसऱ्या बाजूनं तारक. मारक असा, की तो आयुष्यात एकच विमान बांधतो. कारखान्याला पन्नासाव्या विमानावर मिळणारी सवलत त्याला कधीच मिळत नाही. तो कायम पहिल्या विमानाच्या दरानं राबतो. तारक असा, की त्या एका विमानात पुष्कळ गोष्टी जोडीनं किंवा ओळीनं येतात. पंख दोन, टाक्या दोन, रिब डझनावारी. पहिल्या रिबला दीड तास लागला म्हणून कुणी तिथेच दिवसांचा गुणाकार करत बसला तर हातपाय गळतील. दहाव्या रिबपर्यंत वेळ पुष्कळ खाली आलेला असतो.

पण ही उतरण तासवहीत दिसली तरच तिचा उपयोग. डाव्या पंखाची प्रत्येक पायरी वेगळी लिहिली असेल, तर उजव्या पंखाचा अंदाज हवेतून काढावा लागत नाही. आणि उजव्या पंखाला उलट जास्त वेळ लागायला लागला, तर तोही इशाराच असतो. ड्रिलची पाती बोथट झालेली असतात, नाहीतर माणूस थकलेला असतो.

अंदाज चुकतोच, पण कितीनं?

स्वतःच्या कामाचा अंदाज बांधताना माणूस हात आखडता घेतो, हे मानसशास्त्रज्ञांनी मोजून दाखवलं आहे. डॅनिएल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये या खोडीकडे लक्ष वेधलं. 1994 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचं काम किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर आलं 34 दिवस. सगळं बिनसलं तर किती लागतील, असं विचारलं तेव्हा ते 49 वर गेले. प्रत्यक्षात लागले 55. वाईटात वाईट अंदाजही अपुरा पडला होता.

यावरचा उपायही याच विद्याशाखेनं दिला आहे. आपल्या मनातल्या योजनेकडे न पाहता, असंच काम आधी केलेल्यांना किती वेळ लागला ते पाहा. विमान बांधणाऱ्यांच्या वह्या इथे कामी येतात. त्याच जातीचं विमान पूर्ण केलेल्या पाच जणांचे आकडे हाती असतील, तर कंपनीच्या जाहिरातीपेक्षा ते भरवशाचे. शिवाय स्वतःचीही वही असते. शेपटीचा भाग सहसा आधी बांधतात. त्याला ठरलेल्या 100 तासांऐवजी 140 लागले, तर पुढच्या प्रत्येक अंदाजाला 1.4 नं गुणावं आणि घरच्यांनाही तोच आकडा सांगावा.

ऑशकॉशच्या मंडळींत एक म्हणणं रुळलेलं आहे: नव्वद टक्के झालं, नव्वद टक्के उरलं. हे अनुभवातून आलेलं आहे. पंख, धड, शेपटी जुळली की विमान तयार दिसू लागतं. पण वायरिंग, इंधनाच्या नळ्या, ब्रेक, इंजिनाभोवतीचं आवरण, काचा बसवणं आणि रंग ही सगळी बारीक कामं मागे राहिलेली असतात. आकाराला छोटी, पण तास खाणारी. वहीत हे भाग सुरुवातीपासून रिकाम्या रकान्यांच्या रूपानं मांडलेले असतील, तर विमानाचा आकार पाहून फसायला होत नाही.

सरकार वही कशाला मागतं

अमेरिकेच्या नियमांनुसार हौशी विमानाचा मोठा भाग, सोप्या भाषेत 51 टक्के, स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा करमणुकीसाठी बांधणाऱ्यांनी स्वतः तयार केलेला असला पाहिजे. पैसे देऊन दुसऱ्याकडून बांधून घेतलेलं विमान या वर्गात बसत नाही. मग तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला हे कसं पटवायचं? तारीखवार नोंदी आणि काम करतानाचे फोटो दाखवून. बंद झालेल्या पंखाच्या आत काय आहे हे नंतर कुणाला दिसणार नसतं, म्हणून पत्रा बंद करण्याआधीचा फोटो सर्वांत मोलाचा. फोटोत बांधणाऱ्याचे हात किंवा चेहरा असावा, हा तिथला जुना सल्ला.

भारतात घरी बांधलेल्या विमानाची वाट अधिक चढणीची राहिली आहे. टीएसी-003 ची तारखांची ओळ पुन्हा पाहिली की ते लक्षात येतं. प्रदर्शनापासून नोंदणीपर्यंत जवळजवळ पावणेदोन वर्षं, नोंदणीपासून परवान्यापर्यंत आणखी दोन, त्यानंतर उड्डाणापर्यंत दहा महिने. या साडेचार वर्षांत पत्र्यावरचं काम थोडं आणि कागदावरचं काम फार. अर्ज, पत्रं, बैठका, तपासण्या आणि वाट पाहणं हेही वहीतच यायला हवं, फक्त निराळ्या रकान्यात. ज्यानं हातकाम, कागदकाम आणि वाट पाहणं असे तीन रकाने ठेवले, त्याला कळतं की विमान अडलं ते कशात. आपल्याकडे या छंदाला वाव मिळायचा असेल, तर धोरण आखणाऱ्यांसमोर अशाच वह्या ठेवाव्या लागतील. त्यांत दिसेल की माणसाच्या हातांनी वेळेत पूर्ण केलेलं यंत्र नंतर किती वर्षं जमिनीवर बसून राहतं.

कुठला भाग, कुठल्या दिवशी

वहीचं आणखी एक काम 2023 मध्ये जगासमोर आलं. व्हॅन्सच्या संचांतले काही पत्र्याचे भाग पूर्वीसारखे पंच न करता लेझरनं कापलेले होते. त्यांच्या भोकांच्या काठांना तडे जाऊ लागल्याचं बांधणाऱ्यांच्या लक्षात आलं. हजाराहून अधिक ग्राहकांकडे असे भाग पोचले होते. प्रकरण एवढं वाढलं की त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये कंपनीला दिवाळखोरी संरक्षणाचा आसरा घ्यावा लागला. ज्या बांधणाऱ्यांनी कुठला भाग कुठल्या खेपेतून आला आणि कुठल्या तारखेला बसवला हे लिहिलं होतं, ते नेमका तो भाग उघडू शकत होते. बाकीच्यांना सगळंच तपासत बसावं लागणार होतं. म्हणून तासांबरोबर भागाचा क्रमांक, खेप, सीलंट किंवा प्रायमरच्या डब्याची तारीख हेही लिहायचं. रोजची पाच मिनिटं त्यात जातात. ती पाच मिनिटंही तासांत धरावीत.

विमान तयार झाल्यावरही मोजणी थांबत नाही. अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानाला सहसा पहिले 25 किंवा 40 तास ठरवून दिलेल्या भागातच, चाचणी म्हणून उडवावं लागतं. किती, ते इंजिन आणि पंख्याच्या जोडीवर ठरतं. हे तास विमानाच्या आणि इंजिनाच्या स्वतंत्र लॉगबुकात जातात. बांधणाऱ्याची वही मात्र कपाटात पडून राहत नाही. ती दाखवून तो आपल्याच विमानाची वार्षिक तपासणी स्वतः करण्याचं प्रमाणपत्र मिळवू शकतो, कारण विमान त्यानंच बांधलं आहे हे त्या पानांवरून सिद्ध होतं. आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी पंखाखाली इंधनाचा निळसर ओघळ दिसला, तर वही उघडून पाहता येतं की त्या टाकीचा तो कोपरा कुठल्या दिवशी, किती तापमानात, कुठल्या डब्यातल्या सीलंटनं बंद केला होता. त्यावरून ठरतं की एकच झाकण उघडायचं, की त्या डब्यानं बंद केलेले सगळे सांधे.